सुईणीचे कोण ऐकते?

आमच्या सीमाभागात बाळंतपण करणाऱ्या बाईला एक नाव नाही. मराठी घरात ती सुईण, कानडी घरात सूलगित्ती आणि घाट उतरून गोव्यात गेले की वैजीण. नावे तीन असली तरी तिच्याशी वागण्याची रीत सगळीकडे एकच. अडलेल्या रात्री तिच्या दारात माणूस कंदील घेऊन उभा राहायचा आणि बाराव्या दिवशी खण-नारळ, पायलीभर जोंधळे देऊन तिची बोळवण व्हायची. ‘गरज सरो, वैद्य मरो’ ही म्हण वैद्यापेक्षा तिलाच अधिक लागू पडावी. माझा स्वतःचा जन्म १९७० सालचा, माजघरातला. ज्या बाईने माझी नाळ कापली तिला माझी आई नुसते ‘आजी’ म्हणत असे.

या आजीविषयी इतिहासाच्या साधनांत पुष्कळ मजकूर सापडतो. तिची नखे कशी होती, ती विळ्याने नाळ कशी कापी, तिला काय येत नव्हते, हे सारे नोंदलेले आहे. पण तिच्या हातून एखादी बाळंतीण गेली तर त्या रात्री घरी परतल्यावर ती कोणाशी बोलत असेल? ‘आता मला हे काम नको’ असे तिला वाटत असेल, तर ते कोणाजवळ म्हणत असेल? या प्रश्नाचे उत्तर साधनांत शोधू गेल्यास हाती फारसे लागत नाही. गेली काही वर्षे मी ते शोधतो आहे. त्याला एक निमित्त घडले, ते पुढे सांगतो.

आधी इंग्रजी अमदानीकडे पाहू. बेळगाव आणि धारवाड हे जिल्हे तेव्हा मुंबई इलाख्यातच होते, त्यामुळे मुंबईत जे घडे त्याचे पडसाद इकडे उमटत. १८८५ मध्ये डफरिन फंड निघाला, त्यातून स्त्री-डॉक्टर आणि स्त्रियांचे दवाखाने यांना बळ मिळाले. १८८६ मध्ये मुंबईत कामा हॉस्पिटल सुरू झाले. त्याच वर्षी आनंदीबाई जोशी अमेरिकेहून डॉक्टर होऊन परतल्या. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलमध्ये त्यांची नेमणूकही झाली, परंतु काम हाती घेण्याआधीच, फेब्रुवारी १८८७ मध्ये, त्यांचे निधन झाले. या फंडाचा रोख दवाखान्यांकडे होता, खेड्यातल्या दाईकडे नव्हता. दाईकडे लक्ष गेले ते १९०३ मध्ये. लेडी कर्झन यांनी व्हिक्टोरिया राणीच्या स्मरणार्थ एक निधी उभारला आणि त्यातून परंपरागत दायांना शिकवण्याचे वर्ग निघाले. या निधीने १९१८ मध्ये हिंदुस्थानातील बाळंतपणाच्या स्थितीवर एक मोठा अहवाल प्रसिद्ध केला. त्यात दाईची भयंकर वर्णने आहेत. ती खोटी होती असे मी म्हणणार नाही. न उकळलेल्या पात्याने नाळ कापल्यामुळे किती अर्भके धनुर्वाताने दगावली असतील याची गणती नाही. पण ती सारी वर्णने दाईविषयीची आहेत, दाईने केलेली नव्हेत. तिला शिकवायला माणसे आली, तिच्या चुका मोजायलाही आली. तिचे ऐकून घ्यायचे असते हे मात्र त्या काळी कोणाच्या डोक्यातच नव्हते.

याचे कारण केवळ परकी सत्ता हे नव्हे. खुद्द इंग्लंडात तेथील सुईणींच्या बाबतीत तेच चालले होते. १९०२ च्या कायद्याने तिकडे सुईणींची नोंदणी सुरू झाली आणि त्यांच्यावर देखरेख करणारे स्थानिक अधिकारी नेमले गेले. निरीक्षक सुईणीच्या घरी जाऊन तिची पिशवी उघडून बघे, नोंदवही तपासे. नियम मोडला तर पटावरून नाव जाई. कायदा उपकारक ठरला, मातांचे संरक्षण झाले, हे मान्य. पण तिला अडचण आली तर ती सांगायची कोणाला? जो पिशवी तपासतो त्यालाच! आम्हा शिक्षकांना हे चांगले उमगेल. शाळातपासणीला आलेल्या साहेबापुढे ‘मला हा वर्ग आवरत नाही’ असे कोणता मास्तर म्हणेल?

स्वातंत्र्यानंतर आपल्याकडे ‘नर्सबाई’ आली. सहायक परिचारिका-प्रसाविका हा अभ्यासक्रम १९५१ पासून सुरू झाला. अठरा-वीस वर्षांची मुलगी तो पुरा करून एखाद्या परक्या गावी उपकेंद्रावर जाऊन राही. तिच्या गणवेशाचा रुबाब आमच्या पिढीने पाहिला आहे. त्या गणवेशाआडचा एकटेपणा फार थोड्यांनी पाहिला. रात्रीची हाक आली तर सोबतीला कोणी नाही. अविवाहित म्हणून गाव संशय घेणार, आणि मूल दगावले की बोल तिच्यावर. ‘नर्स गावात राहत नाही’ ही तक्रार ग्रामपंचायतीच्या सभांतून मी कैक वेळा ऐकली आहे. ती का राहत नाही, याची चर्चा मात्र त्या सभेत होत नसे.

नेमका हाच अनुभव १९७० मध्ये जामखेडला आलेल्या एका डॉक्टर दांपत्याला आला. जामखेड हा तेव्हाच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातला दुष्काळी तालुका. रजनीकांत आणि मेबल आरोळे हे दोघे वेल्लोरला शिकलेले, पुढे अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन आलेले. त्यांनी आधी शिकलेल्या नर्सना खेड्यांत ठेवून पाहिले. ते जमले नाही. त्या मुली एकट्या टिकेनात आणि गावकरी त्यांचे ऐकेनात. मग गावातलीच एखादी बाई निवडून तिलाच तयार करावे, असा विचार पुढे आला. अशा रीतीने जामखेडच्या ग्राम आरोग्य कार्यकर्त्या उभ्या राहिल्या. त्यांपैकी बऱ्याच जणी निरक्षर होत्या, कित्येक दलित होत्या, काही टाकलेल्या, काही विधवा. चारचौघांत स्वतःचे नाव सांगतानाही जीभ अडखळायची, अशा या बायका.

जामखेडची कीर्ती आकड्यांमुळे झाली. १९७१ मध्ये तिथल्या गावांत दर हजार जन्मांमागे १७६ अर्भके दगावत. पुढच्या पंचवीस वर्षांत हा आकडा तिसाच्या खाली आला. आरोळे दांपत्याला १९७९ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. निर्जंतुक पाते, दोरा, साबण आणि स्वच्छ कापड एवढ्या सामग्रीनिशी त्या बायका बाळंतपण करीत आणि जोखमीची बाई वेळीच ओळखून दवाखान्यात धाडीत. हे सारे बहुश्रुत आहे, म्हणून त्यात अधिक शिरत नाही.

मला अधिक महत्त्वाची वाटते ती तिथली आठवड्याची सभा. आरोळे दांपत्याने आपल्या कामाचा वृत्तान्त १९९४ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध केला, तो वाचताना माझी नजर तिथेच खिळली. या बायका दर आठवड्याला जामखेडला येत, रात्री मुक्काम करीत, एकत्र स्वयंपाक करून एका पंगतीत जेवत. ब्राह्मण बाई आणि दलित बाई शेजारी बसून जेवत आहेत, हे १९७० च्या दशकातल्या त्या तालुक्यात सोपे नव्हते. सुरुवातीला कुरबुरी झाल्याच. दिवसा डॉक्टर शिकवीत. पण खरे शिक्षण एकमेकींकडून चाले. कोणाच्या गावात कोणती बाई अडली, सासूने कसे अडवले, पाटलाने काय सुनावले, आपण घाबरून काय केले, हे प्रत्येकीने सांगायचे. जुन्या जाणत्या बाईने नव्या बाईला हाताशी धरायचे. गाण्यांतून धडे पाठ व्हायचे.

या सभेचे मोल असे की, तिथे बसलेली प्रत्येक बाई त्याच कामातली होती. ‘मला हे जमणार नाही’ असे नवखी म्हणाली तर तिला उत्तर द्यायला डॉक्टरची गरज नव्हती. पाच वर्षांपूर्वी हेच वाक्य बोललेली बाई तिच्या शेजारीच बसलेली असे. डॉक्टरने ‘तुला जमेल’ म्हणणे आणि तिने म्हणणे यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. डॉक्टर शिकलेला, त्याला काय माहीत आपली भीती! या बायकांना पगार म्हणावा असा नव्हता. तरीही कित्येक जणींनी दहा-दहा, वीस-वीस वर्षे काम केले. गावात मान मिळाला, घरात वजन वाढले, ही कारणे आहेतच. पण दर आठवड्याला मन मोकळे करायला हक्काची जागा होती, हे कारण मला त्यांच्याइतकेच मोठे वाटते. यांतल्या एका कार्यकर्तीने १९८८ मध्ये वॉशिंग्टनच्या परिषदेत भाषण केले. मोठे डॉक्टर म्हणजे छताला टांगलेली महागडी झुंबरे आणि आपण म्हणजे हातात घेऊन फिरण्याच्या पणत्या, एकीवरून दुसरी लावता येते, अशा आशयाचे ते बोलणे होते. लोक उजेडाची उपमा लक्षात ठेवतात. मला त्यातले ‘एकीवरून दुसरी’ हे अधिक मोलाचे वाटते.

गंमत अशी की, त्याच दशकात इंग्लंडातल्या शिकल्यासवरल्या प्रसाविकांनाही हीच गरज भासली. तिथे बाळंतपणे घरातून दवाखान्यांत गेली होती, औषधाने कळा सुरू करण्याचे प्रमाण वाढले होते. आपण बाळंतिणीच्या सोबतीला आहोत की यंत्राच्या, असा प्रश्न शिकाऊ मुलींना पडू लागला. काही जणी शिक्षण सोडण्याच्या बेतात आल्या. १९७६ मध्ये अशा काही विद्यार्थिनी एकमेकींना धीर देण्यासाठी एकत्र जमल्या आणि त्यातून ‘असोसिएशन ऑफ रॅडिकल मिडवाइव्ह्ज’ ही संघटना उभी राहिली. ‘रॅडिकल’ हा शब्द त्यांनी ‘मुळाशी जाणारा’ या अर्थाने घेतला. नावाच्या आद्याक्षरांतही एक खोच होती. तीच अक्षरे पाणमोट कृत्रिमरीत्या फोडण्याच्या क्रियेसाठी दवाखान्यात वापरली जात, आणि ही क्रिया सरसकट करण्यालाच तर त्यांचा विरोध होता! कोणाच्या तरी घरी जमायचे, चहा घ्यायचा, कामावर काय सोसले ते सांगायचे, एक छोटे वार्तापत्र काढायचे, असा त्यांचा खाक्या. एकीकडे जामखेडची निरक्षर कार्यकर्ती, दुसरीकडे इंग्लंडातली प्रमाणपत्रधारी मुलगी. दोघींना एकमेकींचे नावही ठाऊक नव्हते. १९०२ च्या कायद्याने आणलेली ती देखरेख पुढे २०१७ मध्ये इंग्लंडात संपुष्टात आली आणि तिच्या जागी जी व्यवस्था आली तिच्यात प्रसाविकेचे म्हणणे शांतपणे ऐकून घेणे हा भाग मुद्दाम घालण्यात आला. एवढे उमगायला शंभरावर वर्षे लागली.

या अवस्थेला इंग्रजीत ‘बर्नआउट’ म्हणतात. शब्द तसा अलीकडचा. न्यूयॉर्कमधले मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉयडनबर्गर यांनी १९७४ मध्ये मोफत दवाखान्यांत राबणाऱ्या माणसांविषयी लिहिताना तो वापरला. मराठीत त्याला ‘थकवा’ म्हणून भागत नाही, कारण थकवा झोपेने जातो. ‘उबग’ जवळचा आहे, पण त्यात दुसऱ्याविषयीचा तिटकारा अधिक, स्वतःविषयीची शंका कमी. आमच्या भागात मात्र एक चांगला शब्द आहे, आणि तो दोन्ही भाषांत चालतो. तो म्हणजे ‘बेजार’. कानडी माणूस ‘बेजार आगिदे’ म्हणतो, मराठी माणूस ‘बेजार झालो’ म्हणतो. शीण, खिन्नता आणि मन उडून जाणे, असे तिन्ही अर्थ त्यात येतात.

वर म्हटलेले निमित्त ते हेच. काही वर्षांपूर्वी माझी एक माजी विद्यार्थिनी शाळेत आली. हुशार मुलगी, दहावीला विज्ञानात पहिली आलेली. नर्सिंग करून एका दवाखान्याच्या प्रसूतिकक्षात लागली होती. मला वाटले, पेढे घेऊन आली असेल. ती म्हणाली, “सर, आपल्या शाळेत कारकुनाची जागा निघणार आहे का?” मी बसायला सांगितले. हळूहळू उलगडा झाला. तिच्या पाळीत एक बाळंतीण रक्तस्रावाने गेली होती. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव हे आपल्या देशात मातामृत्यूचे एक मोठे कारण आहे, आणि तो इतक्या वेगाने होतो की अर्ध्या तासात होत्याचे नव्हते होते. त्या रात्री त्या कक्षात ती एकटी होती आणि बाळंतिणी चार. पुढे चौकशी झाली, ती व्हायलाच हवी. मातामृत्यूचा आढावा घेण्याचा नियम आहे आणि तो योग्य आहे. “सर, मी सगळ्यांना उत्तरे दिली. किती वाजता सुई दिली, किती वाजता फोन केला. पण घरी गेल्यावर हात धुतले तरी धुतल्यासारखे वाटत नाहीत. आता कळा देणारी बाई ओरडली की माझेच पोट गोळा होते.” मला काय बोलावे सुचेना. मी इतिहासाचा मास्तर. तिला मी दिलेला धीर म्हणजे पोहता न येणाऱ्याने काठावरून दिलेली सूचना.

आमच्या गल्लीत एक निवृत्त नर्सबाई राहतात. सारे गाव त्यांना अक्का म्हणते. मातृभाषा कानडी, पण उभे आयुष्य मराठी वाड्या-वस्त्यांवर गेलेले. मी मुलीला त्यांच्याकडे पाठवले. अक्कांनी तिची समजूत घातली नाही. “अंजबेड, कूत्को,” म्हणजे ‘भिऊ नकोस, बैस’ एवढे म्हणून त्यांनी स्वतःची हकीगत सांगितली. पस्तीस वर्षांपूर्वीची पावसाळ्यातली रात्र, ओढ्याला पूर, बैलगाडी अडकलेली, आणि गाडीतच गेलेली बाळंतीण. त्या बाईचे नाव, तिच्या लुगड्याचा रंग, सारे अक्कांना आठवत होते. ही गोष्ट त्यांनी तोवर घरातही सांगितली नव्हती. मुलगी दुसऱ्या दिवशी मला म्हणाली, “सर, अक्कांच्या हातूनसुद्धा?” तिचा चेहरा मात्र आदल्या दिवसापेक्षा मोकळा दिसत होता.

पुढच्या आठवड्यात ती आपल्या एका सहकारी मैत्रिणीला घेऊन गेली. मग दोघी-तिघी आशाताई येऊ लागल्या. अक्कांचा कट्टा अपुरा पडू लागला तेव्हा त्यांनी माझ्याकडे शाळेतली एक खोली मागितली. दुसऱ्या शनिवारी शाळा सुटल्यावर ती खोली त्यांची, असे ठरले. मी आत जात नाही, तो माझा प्रांत नव्हे. बाहेरून जाताना कधी हुंदका ऐकू येतो, कधी खो-खो हसणे. मराठी, कानडी आणि थोडी दखनी, अशी भाषांची सरमिसळ चाललेली असते.

मात्र एक गोष्ट स्पष्ट म्हटली पाहिजे. अशी बैठक हा माणसे कमी नेमण्यावरचा उपाय नव्हे. त्या रात्री चार बाळंतिणींमागे दोन नर्स असत्या तर कदाचित तिला कट्ट्यावर यावेच लागले नसते. आशाताईंचेच पाहा. २००५ मध्ये ही योजना आली, साधारण हजार लोकवस्तीमागे एक आशा. त्याच वर्षीच्या जननी सुरक्षा योजनेने बाळंतपणे दवाखान्यांकडे वळवली. देशात दवाखान्यात होणारी बाळंतपणे २००५-०६ मध्ये ३८.७ टक्के होती, ती २०१९-२१ च्या पाहणीत ८८.६ टक्क्यांवर गेली. ही उडी आशाताईंच्या पायपिटीवर बसलेली आहे. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्यांचा गौरव केला, आणि २०२३ मध्ये महाराष्ट्रातल्या आशांना मानधनासाठी संप करावा लागला. त्यांच्या मासिक बैठका होतात, पण त्यांत बहुतेक वेळ तक्ते आणि नोंदवह्या भरण्यात जातो असे त्याच सांगतात. म्हणजे पुन्हा ती पिशवी-तपासणीच.

जुनी सुईण आता जवळजवळ अस्तंगत झाली. कर्नाटकात पावगड तालुक्यातल्या सूलगित्ती नरसम्मा यांनी पंधरा हजारांवर बाळंतपणे केली. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी डिसेंबरात त्या गेल्या. हे काम त्या आपल्या आजीकडून शिकल्या होत्या आणि पुढे त्यांनीही अनेक जणींना शिकवले. आजी, आई, चुलती अशा घरातल्याच जाणत्या बाईच्या मागे फिरत हे काम शिकले जाई. अडल्या वेळी बोलायलाही तीच. दवाखान्याने बाळंतिणीचा जीव वाचवला याबद्दल दुमत नाही. पण तिथे रात्रपाळीवर एकट्या असलेल्या मुलीला अशी आजी कोठून मिळायची?

ती मुलगी अद्याप प्रसूतिकक्षातच आहे. कारकुनाची जागा गेल्या वर्षी भरली गेली, तिने अर्ज केला नाही. शनिवारच्या बैठकीला आता नऊ-दहा जणी असतात. सुरुवातीला मी मुख्याध्यापकी सवयीने अक्कांना विचारले होते, “हजेरीसाठी एखादी वही देऊ का?” अक्का म्हणाल्या, “नको सर, वह्या खूप झाल्या. त्यापेक्षा एक जाजम द्या आणि पंखा दुरुस्त करून घ्या.”